डीएसएलआरवरून मिररलेसवर जाताना जुन्या लेन्स विकाव्यात की ठेवाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: निकॉनचा डी७२०० हा डीएसएलआर आहे, सोबत किटची १८-१४०, ५० एमएम एफ/१.८डी (पुढे ५०डी) आणि ७०-३०० व्हीआर (व्हीआर म्हणजे हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) या लेन्स. आता निकॉनचाच झेड५०-२ हा मिररलेस घ्यायचा बेत आहे. फोटो काढता ते वारीचे, गणपतीचे, मुलीच्या कथकच्या कार्यक्रमांचे आणि हिवाळ्यात भिगवणला पक्ष्यांचे. तर सगळ्या लेन्स विकून झेडच्या नव्या घ्याव्यात, की अ‍ॅडॅप्टर लावून भागवावं?

सगळ्या विकू नका. तुम्हाला त्या ज्या कारणाने विकाव्याशा वाटताहेत, त्याच कारणाने त्यांना बाजारात भाव नाही. जो तो मिररलेसवर चाललाय आणि जुन्या एफ माउंटच्या (निकॉनच्या डीएसएलआरवर लेन्स बसते त्या जोडणीच्या) लेन्स विकायला काढतोय. अशा वेळी विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याची चैन असते. तुम्ही एफटीझी अ‍ॅडॅप्टर (एफ माउंटची लेन्स झेड कॅमेऱ्यावर बसवणारी कडी) घेणार असाल तर या जुन्या लेन्स घेणाऱ्यांत तुम्हीही बसता.

अ‍ॅडॅप्टरबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, की त्याने फोटोची क्वालिटी पडते. एफ माउंट १९५९ सालचा. कॅमेऱ्यात आरसा हलायला जागा हवी, म्हणून त्यात लेन्सचं बूड सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटर लांब असतं. २०१८ च्या झेड माउंटमध्ये आरसाच नाही, तिथे हे अंतर १६ मिलिमीटर. एफटीझी फक्त मधली साडेतीस मिलिमीटरची जागा भरून काढतो. आत काच नाही, त्यामुळे बिघडण्यासारखं काही नाही.

खरी गोम आहे ती फोकसच्या मोटरची. तुमची ५० एमएम काढून मागून बघा. धातूच्या कड्यावर स्क्रूच्या डोक्याला असते तशी एक छोटी खाच दिसेल. डी७२०० च्या माउंटमधून एक बारीक दांडी बाहेर येते, ती या खाचेत बसते आणि घर्रर्र करून लेन्स फिरवते. म्हणजे मोटर कॅमेऱ्यात आहे, लेन्समध्ये नाही. एफटीझीत ही दांडी नाही. त्यामुळे त्यावर ही लेन्स बसेल, मीटरिंग होईल, अ‍ॅपर्चर चालेल, पण फोकस हाताने करावा लागेल. फोकस पीकिंगमुळे धारदार कडा रंगीत दिसतात, त्यामुळे एका जागी बसून गाणाऱ्या माणसाचा फोटो हाताने फोकस करून जमतो. चक्कर घेणाऱ्या मुलीचा नाही जमत, कितीही सराव असला तरी.

७०-३०० चं तसं नाही. तिच्यावर एएफ-एस लिहिलेलं असेल, म्हणजे मोटर लेन्समध्येच आहे. एफटीझीवर तिचा ऑटोफोकस चालतो, व्हीआर चालतं, आणि झेड५०-२ ची पक्षी ओळखण्याची सोयही तिच्यावर वापरता येते. जुन्या लेन्सला हे डीएसएलआरवर कधी मिळालंच नव्हतं. सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान असल्याने (यालाच क्रॉप म्हणतात) ३०० वर ती ४५० एमएमसारखी वागते. वजन ७४५ ग्रॅम आहे खरं, पण भिगवणला तुम्ही होडीत बसून असता, पाठीवर घेऊन डोंगर चढत नसता. तिच्याऐवजी झेडची ५०-२५० घ्यावी असं दुकानदार म्हणेल. ती ४०५ ग्रॅमची आहे आणि छान आहे. पण पक्ष्यांसाठी ३०० सोडून २५० वर यायचं, तेही वर पैसे देऊन, हे मला पटत नाही. उद्या सिंहगडावर लांबची लेन्स न्यावीशी वाटली तर तेव्हा बघा.

१८-१४० मात्र जाऊ द्या. ती ४९० ग्रॅमची, वर एफटीझी-२ चे १२५. मग मिररलेस घेतला कशाला? झेड५०-२ सोबत मिळणारी १६-५० फक्त १३५ ग्रॅमची आहे, जवळजवळ अ‍ॅडॅप्टरएवढीच. डी७२०० आणि १८-१४० मिळून सव्वा किलो होतात, झेड५०-२ आणि १६-५० सातशे ग्रॅमच्या आत. दिवेघाटात माउलींच्या पालखीबरोबर चढताना हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. शिवाय १८ ऐवजी १६ मिळतं. आकडा किरकोळ वाटतो, पण नाना पेठेतल्या गर्दीत मागे सरकायला जागा नसते तेव्हा हे दोन एमएम कामाला येतात.

विकताना डी७२००, १८-१४० आणि ५०डी असा एकत्र संच विका. ५०डी ला त्या बॉडीवर ऑटोफोकस आहे, म्हणजे ती तिथेच शोभते. नव्याने शिकणाऱ्या एखाद्या मुलाला हा संच वर्षानुवर्षं पुरेल.

आता राहिला कथकचा कार्यक्रम, आणि तुमचा खरा खर्च इथेच आहे. १६-५० ही ५० वर एफ/६.३ होते. बालगंधर्वच्या मधल्या रांगेतून, रंगमंचावरच्या निळ्या-लाल उजेडात, नाचणारीचा हात थिजवायला निदान १/२५० सेकंदाचा शटर हवा. एफ/६.३ च्या तुलनेत एफ/१.८ वर बारापट उजेड आत येतो. एकीकडे आयएसओ (हा वाढवला की अंधारात भागतं, पण फोटो दाणेदार होतो) १२,८०० लागत असेल तर दुसरीकडे साधारण १,००० वर भागतं. हा फरक कुठल्याही नव्या बॉडीने भरून निघत नाही. झेड५०-२ मध्ये सेन्सरचं स्टॅबिलायझेशन नाही, पण इथे त्याची चिंता करू नका. ते तुमचा हात स्थिर करतं, नाचणारीचा पाय नाही.

यासाठी दोन वाटा आहेत. स्वस्तातली म्हणजे वापरलेली एएफ-एस ५० एमएम एफ/१.८जी (पुढे ५०जी). तुमच्या ५०डी ची धाकटी बहीण, पण मोटर आत, त्यामुळे एफटीझीवर डोळ्यांचा फोकससुद्धा धरते. दुसरी सिग्माची ५६ एमएम एफ/१.४, जी २०२३ पासून झेड माउंटमध्ये मिळते. मी पहिलीपासून सुरुवात करेन. पहिल्या-दुसऱ्या रांगेत जागा मिळत असेल तर ती पुरते, आणि मागे बसावं लागत असेल तर ५६ नेही फारसं जवळ जाता येत नाही.

वापरलेली लेन्स घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते, आणि बाहेरून ती नव्यासारखी दिसते. ५०जी सारखी नावात ‘जी’ असलेली लेन्स कॅमेऱ्यावरून काढली की तिचं अ‍ॅपर्चर मिटलेलं असतं, त्यामुळे नुसतं आरपार बघून काही कळत नाही. मागे एक छोटा खटका असतो, तो बोटाने सरकवून धरा म्हणजे पाती उघडतील. मग एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने जरा तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ‘विचार करून सांगतो’ म्हणून उठा. घरी आणल्यावर बोहरी आळीतला हवाबंद डबा आणि सिलिका जेल एवढ्याने काम भागतं. ड्राय कॅबिनेट नंतर हौस म्हणून घ्या.

सिग्मा, टॅमरॉनच्या जुन्या एफ माउंट लेन्सबद्दल असा भरवसा देता येत नाही. काही एफटीझीवर चालतात, काहींना फर्मवेअर अपडेट लागतं, काही अडून बसतात. बॉडी सोबत नेऊन लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

कुणीतरी तुम्हाला सोनी घ्यायला सांगेलच. त्यात चूक काही नाही. ई माउंट २०१० पासून आहे आणि त्यात इतर कंपन्यांच्या लेन्स मुबलक आहेत. हाताशी एकही चालणारी लेन्स नसती तर मीही तिकडे बघा म्हटलं असतं. पण ७०-३०० तुमच्याकडे आहे आणि तीच तुमची सगळ्यात महागाची गरज भागवते. निकॉनच्याच फुल फ्रेमचं (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचं) खूळ डोक्यात असेल तर एवढंच लक्षात ठेवा, की ७०-३०० आणि ५०जी तिकडेही पूर्ण चालतील, १६-५० मात्र २४ मेगापिक्सेलच्या झेड५ वर १० मेगापिक्सेलचा फोटो देईल.

बाकीची खरेदी सध्या थांबवा. आधी तुमचे गेल्या दोन-तीन वर्षांतले आवडते फोटो लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये घाला आणि मेटाडेटाच्या फिल्टरमध्ये फोकल लेंथ, म्हणजे लेन्सचा एमएमचा आकडा, बघा. सगळे नकोत, फक्त तुम्ही निवडून ठेवलेले. बऱ्याच जणांचे फोटो दोन टोकांना साठलेले निघतात. १८ वर ढीग असेल तर तुम्हाला आणखी वाइड हवं होतं, १४० वर असेल तर हात पुरत नव्हता. मध्ये २४-३५ च्या आसपास गर्दी दिसली तर झेडची डीएक्स (क्रॉप सेन्सरसाठीची) २४ एमएम एफ/१.७ नंतर बघा. १३५ ग्रॅमची आहे आणि घरातल्या दिव्यात छान चालते.

वाचलेल्या पैशातून आधी दुसरी बॅटरी घ्या. डी७२०० सारखी एका चार्जवर दिवसभर मिरवणूक निघणार नाही. आणि लक्ष्मी रोडवर गुलाल उडत असताना लेन्स बदलू नका. आरसा नाही, त्यामुळे लेन्स काढली की सेन्सर थेट उघडा पडतो. त्या दिवशी १६-५० लावून घरातून निघा आणि तीच लावून परत या.