नवीन पर्यवेक्षकाने आधी काय धरावं

बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर असो की निपाणी, मानसिक आरोग्याच्या टीमची जबाबदारी अंगावर आली की बहुतेक जण आधी मासिक रिपोर्ट धरतात. पहिली चूक हीच. आकडे जुळतात आणि पेशंट निसटतो. रेटिंग स्केल, ऑडिट हे सगळं नंतर बघू. तुम्हाला हे जमेल, फक्त सुरुवात इथून करा.

दर आठवड्याला ठरलेल्या वारी टीममधल्या प्रत्येकाशी तासभर एकट्याने बसा. ओपीडीत उभ्या-उभ्या झालेलं बोलणं यात धरू नका. दोन केसपेपर उघडा. नुसतं 'औषध तेच चालू' लिहिलं असेल तर विचारा: झोप कशी आहे? गोळ्या कोण देतं? आत्महत्येबद्दल थेट विचारलं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, आणि नवीन स्टाफ याच भीतीने गप्प बसतो.

सिस्टर कन्नड बोलणाऱ्या आणि पेशंट मराठी असेल तर सासूला किंवा नवऱ्याला दुभाषी करू नका. त्यांच्यासमोर घरातली मारहाण कोण सांगणार? टीममधलंच मराठी येणारं माणूस बसवा.

लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) घेणाऱ्यांची यादी वेगळी ठेवा. त्याची पातळी तपासायला रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यायचं. सकाळची गोळी खाऊन आलेल्याची पातळी उगाच जास्त दिसते. जुलाब-उलट्या किंवा हाताची थरथर वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पेशंटची यायची तारीख चुकली की त्याच आठवड्यात फोन. आशाताईंकडून निरोप द्यायचा तर फक्त 'दवाखान्यात या' एवढाच. आजाराचं निदान गुप्त राहणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पेशंटचा हक्क आहे.