दाखल्यावरचं गाव पुसलंय

प्रश्न : माझे आजोबा १९३९ च्या सुमारास परळच्या म्युनिसिपल शाळेत चौथी झाले. त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मगावाचं नाव पुसट झालंय, पुढचं ‘जि. कुलाबा’ तेवढं लागतं. म्हणजे ते मुंबईतलेच का? जन्मतारीख १ जून आहे, पण आत्या म्हणते, ते नारळी पौर्णिमेचे. खरं काय मानायचं?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : आत्यांचं माना. तेव्हा जन्मतारीख फारसं कुणी लिहून ठेवत नसे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मग मास्तर अंदाजाने वय धरून १ जून लिहीत. माझ्या बाबांचीही तीच तारीख. सालसुद्धा एक-दोन वर्षं मागेपुढे धरा.

हा कुलाबा मुंबईतला नव्हे. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता. तेव्हा अलिबाग, पेण, रोहा, माणगाव, महाड या बाजूला शोधा.

गावाचं नाव मिळेल ते शाळेच्या जनरल रजिस्टरात. दाखला हा त्यातलाच उतारा. शाळेच्या कार्यालयात मी २८ वर्षं ही रजिस्टरं सांभाळली. लोक येतात, जन्मतारीख आणि जात बघतात आणि निघतात. मला फार वाईट वाटतं, कारण त्याच ओळीत ‘पूर्वीची शाळा’ हा रकाना असतो. बाबांच्या नावापुढे तिथे गावच्या शाळेचं नाव होतं. त्या शाळेत गेले, तर पालक म्हणून आजोबांचं नव्हे, बाबांच्या मामाचं नाव. आजोबा गिरणीत, मुलगा आजोळी. घरात हे कुणी कधी बोललंच नव्हतं. त्या ओळीवर बोट ठेवून मी कितीतरी वेळ बसून राहिले.

दाखल्यावरचा रजिस्टर नंबर उतरवून घ्या आणि नातं दाखवणारे कागद जोडून मुख्याध्यापकांकडे अर्ज करा. शाळा बंद झाली असेल, तर रजिस्टरं कुठे हलवली ते पालिकेच्या शिक्षण विभागात विचारा. नुसती नक्कल घेऊन येऊ नका, पान बघू द्या म्हणा. मागची-पुढची पानंही चाळा. भाऊ, चुलतभाऊ एकाच दिवशी दाखल केलेले सापडतात. आडनाव नसेल, नुसतं नाव आणि वडिलांचं नाव असेल, तरी नोंद सोडू नका. गावच्या शाळेतली नोंद मोडी लिपीत असेल, तर परवानगीने फोटो काढून मोडी जाणणाऱ्याला दाखवा.

आणि आत्यांना आजच विचारून घ्या, आजोबांचं आजोळ कुठलं.