विद्यापीठाला विमानतळ कशाला हवा?

प्रश्न : मी ओझरला एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात) ३१ वर्षं फिटर म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. मुलगी बारावीला आहे, विषय पीसीएम. तिला अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात एव्हिएशन शिकायचंय. का, असं विचारलं तर एकच उत्तर, ‘बाबा, त्यांचा स्वतःचा विमानतळ आहे!’ पुण्याचा एक एजंटही तेच ऐकवतो. कॉलेजला विमानतळ असून मुलांचा काय फायदा? त्यासाठी राहतं घर तारण ठेवावं का?
– एक पालक, ओझर (नाशिक)

उत्तर :
सप्रेम नमस्कार.

हा प्रश्न ओझरच्या माणसानं विचारावा याची मला गंमत वाटली. तुमच्या दारातला विमानतळ कोणाचा? एचएएलचाच ना! मिग असो की सुखोई, जोडून झालेलं विमान ट्रेलरवर घालून उडवायला दुसऱ्या गावी कोण नेणार? म्हणून कारखान्याला लागूनच धावपट्टी. पर्ड्यूचा हिशेब यापेक्षा फार वेगळा नव्हता. विमानाचं शास्त्र वर्गात शिकवायचं आणि विमान बघायला मुलांना परगावी पाठवायचं, हे त्यांना पटेना. डेव्हिड रॉस नावाचे उद्योजक विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर होते, त्यांनी जमीन दिली आणि १९३४ साली इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेत गावी विमानतळ सुरू झाला. अमेरिकेत विद्यापीठाच्या मालकीचा हा पहिला विमानतळ.

मला यातली आवडती गोष्ट पुढची आहे. १९३५ साली पर्ड्यूच्या अध्यक्षांनी अमेलिया एअरहार्टला बोलावून घेतलं. अटलांटिक एकटीनं पार करणारी पहिली बाई. तिला काम काय दिलं, तर विद्यार्थिनींना करिअरचा सल्ला देणं आणि जोडीला विमानविद्येच्या विभागाला मार्गदर्शन करणं. म्हणजे आमच्याच धंद्यातली! तिनं मुलींना प्रश्नावल्या वाटल्या, शिक्षण झाल्यावर काय करायचंय, लग्नानंतर काम करणार का, असं विचारलं. विद्यापीठाच्या संशोधन प्रतिष्ठाननं निधी उभारून तिला लॉकहीड इलेक्ट्रा विमान घेऊन दिलं, ‘उडती प्रयोगशाळा’ म्हणून. त्याच विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा करताना २ जुलै १९३७ ला ती पॅसिफिकवर दिसेनाशी झाली. नील आर्मस्ट्राँगही पर्ड्यूचाच पदवीधर. ही नावं एजंट तुम्हाला ऐकवेलच. ऐकून घ्या, पण नावांसाठी घर तारण ठेवू नका.

आता मुलांना फायदा काय, ते सांगते. तुम्ही फिटर आहात, तुम्हाला लगेच कळेल. सकाळी उड्डाणाआधी विद्यार्थी एक पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घेऊन विमानाच्या पंखाखाली वाकतो आणि टाकीच्या तळाचं थोडं इंधन काढतो. लहान पिस्टन इंजिनाचं इंधन, म्हणजे एव्हगॅस, फिकट निळं असतं. नळी उजेडात धरली की तळाशी एखादा थेंब वेगळा, बिनरंगी दिसतो. तो पाण्याचा. इंधनापेक्षा पाणी जड, म्हणून खाली बसतं. ते ओतायचं, पुन्हा काढायचं, थेंब दिसेनासा होईपर्यंत. मास्तर शेजारी उभा राहून विचारतो, पाणी आलं कुठून? रात्री गारठा होता, टाकी अर्धी रिकामी होती, आतल्या हवेतला दमटपणा थंड होऊन पाणी झाला. हवामानशास्त्राचं एक अख्खं प्रकरण त्या नळीत मावतं. दहाच्या तासाला तोच मास्तर फळ्यावर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, शिकवत असेल तर मुलगी तो जन्मात विसरणार नाही. हँगर (विमानं ठेवायची शेड) आणि वर्ग एकाच आवारात असल्याचा हा फायदा. भाड्याच्या विमानतळावरही हे जमतं, पण तिथं वेळापत्रक दुसऱ्याचं असतं.

आणखी एक बाजू एजंट बहुधा सांगणार नाही. अमेरिकेत विमानतळानं केंद्र सरकारचं अनुदान घेतलं की तो सगळ्यांना समान अटींवर खुला ठेवावा लागतो. त्यामुळे मालक विद्यापीठ असलं तरी तिथं खासगी विमानं उतरतात, उद्योगपती येतात. पर्ड्यूला तर २० वर्षांच्या खंडानंतर २०२४ मध्ये शिकागोची प्रवासी सेवा पुन्हा सुरू झाली. वैमानिक होणाऱ्या मुलाला याचं काही वाटणार नाही. पण विमानतळ चालवायला शिकणाऱ्या मुलीसाठी हाच खरा अभ्यास. बर्फ कधी काढायचं, पक्ष्यांचं काय करायचं, अनुदानाचा अर्ज कसा लिहायचा, शाळेच्या विमानाला थांबवून प्रवासी विमानाला आधी वाट द्यावी लागली तर ओरड कोणाची ऐकायची, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर घडतं.

संशोधनाचं बोलायचं तर इंग्लंडमधलं क्रॅनफिल्ड बघा. मूळचा हवाई दलाचा तळ, १९४६ साली तिथं कॉलेज ऑफ एरोनॉटिक्स निघालं, आज ते पदव्युत्तर विद्यापीठ आहे आणि विमानतळ त्याच्या मालकीचा. नियंत्रण मनोऱ्यातून खिडकीबाहेर बघण्याऐवजी कॅमेऱ्यांच्या पडद्यावर बघून विमानं उतरवण्याची यंत्रणा तिथं बसवली गेली. सप्टेंबर २०२० मध्ये हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या इंधनघटावर चालणारं सहा आसनी पायपर विमान तिथूनच उडालं. असे प्रयोग गर्दीच्या विमानतळावर कोण करू देणार? आपल्याकडे आयआयटी कानपूरच्या आवारात धावपट्टी आहे, विमानं आहेत, फ्लाइट लॅब आहे. तिथं विद्यार्थी मागच्या सीटवर बसून वेग, उंची, उरलेलं इंधन टिपून घेतात आणि खाली आल्यावर त्या आकड्यांवरून विमानाचा हवेतला विरोध काढतात. इतर आयआयटींची मुलंही या प्रॅक्टिकलसाठी तिथं जातात. म्हणजे विमानतळ असलेली शिक्षणसंस्था हवी असेल तर समुद्र ओलांडायलाच पाहिजे असं नाही. जेईई ॲडव्हान्स्ड मात्र ओलांडावी लागते, आणि ती काही सोपी नाही.

दुसरी बाजूही सांगते. इलिनॉय विद्यापीठाकडे १९४५ पासून विलार्ड विमानतळ आहे. शेजारी त्यांची इन्स्टिट्यूट ऑफ एव्हिएशन होती, नावाजलेली. २०११ मध्ये विश्वस्तांनी ती बंद करायचं ठरवलं आणि वैमानिक प्रशिक्षण पुढे गावातल्या पार्कलँड कॉलेजकडे गेलं. विमानतळ मात्र विद्यापीठाकडेच राहिला. तेव्हा ‘स्वतःचा विमानतळ’ हे उत्तर ऐकलं की पुढचा प्रश्न विचारायचा : त्यावर पहिला हक्क कोणाचा, विद्यार्थ्यांचा की भाडेकरूंचा? आणि कोर्स पुढची चार वर्षं चालणार का?

आता तुमच्या मुलीकडे येते. पत्रात एक गोष्ट मला सापडलीच नाही. तिला विमान उडवायचंय, बनवायचंय की विमानतळ चालवायचाय? ‘एव्हिएशन’ म्हणजे तिन्ही, आणि पर्ड्यूत तिन्हींचे वेगळे कोर्स आहेत.

उडवायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे : घर तारण ठेवून अमेरिकेला जाऊ नका. अमेरिकेत २००९ च्या बफेलोजवळच्या विमान अपघातानंतर नियम कडक झाले. प्रवासी विमानात सहवैमानिक व्हायला उड्डाणाचे साधारण १,५०० तास लागतात आणि मान्यताप्राप्त विद्यापीठाची चार वर्षांची एव्हिएशन पदवी असेल तर १,००० तास. ही ५०० तासांची सवलत हे तिथल्या पदवीचं मोठं आकर्षण. पण ती सवलत अमेरिकेतल्या नोकरीसाठी, आणि परदेशी विद्यार्थ्याला पदवीनंतर कामाची मुभा मिळते साधारण एक वर्ष. आपल्याकडे डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) कमर्शियल लायसन्सला २०० तास पुरतात, म्हणजे त्या सवलतीचा इथं काडीचा उपयोग नाही. तिकडचं लायसन्स घेऊन परतलं तरी डीजीसीएचे पेपर, मेडिकल, उड्डाण-चाचणी यातून जावंच लागतं. शिवाय ट्यूशन फी वेगळी आणि विमानाच्या तासांची फी वेगळी. एजंटनं दाखवलेला आकडा यातला कोणता, ते आधी विचारा.

इथं उत्तर प्रदेशात फुरसतगंजला सरकारची इग्रुआ, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे, तिच्या आवारालगत २०१३ च्या कायद्यानं झालेलं राजीव गांधी राष्ट्रीय विमानन विद्यापीठ आहे. आपल्याच राज्यात गोंदियाला बिरसी विमानतळावर एनएफटीआय ही वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. खर्च इथंही लाखांतच, पण एका ओळीत लिहिलेल्या एकरकमी फीला भुलू नका. माझ्याकडे आलेल्या एका मुलानं एका फ्लाइंग स्कूलला सगळी रक्कम एकदम भरली होती. पावसाळा, बंद पडलेलं विमान, सोडून गेलेला इन्स्ट्रक्टर असं करत १८ महिन्यांचं काम तीन वर्षांवर गेलं. त्यानंतर मी सगळ्यांना हेच सांगते की पैसे टप्प्याटप्प्यानं भरा, आणि चालू बॅचच्या दोन मुलांची लॉगबुकं, म्हणजे उड्डाणाच्या नोंदवह्या, डोळ्यांनी बघा. महिन्याला किती तास झाले, ते तिथं लिहिलेलं असतं. माहितीपत्रकात नसतं.

बनवायचं असेल, म्हणजे एरोस्पेस इंजिनिअरिंग, तर पर्ड्यू खरंच मोठं घर आहे. विमानतळाजवळच त्यांच्या झुक्रो प्रयोगशाळा आहेत, तिथं रॉकेटची आणि जेटची इंजिनं प्रत्यक्ष पेटवून तपासतात. अडचण पुढे येते. अमेरिकेतली संरक्षण आणि अवकाश क्षेत्रातली बरीच कामं निर्यात-नियंत्रणाच्या कायद्यामुळे तिथल्या नागरिकांना किंवा ग्रीनकार्डवाल्यांनाच मिळतात. म्हणून मी अशा मुलांना बी.टेक. इथं करून एम.एस.ला तिकडे जायला सांगते. तोवर अक्कलही येते आणि असिस्टंटशिप (विद्यापीठातलंच पगारी काम) मिळाली तर बापाचं घरही वाचतं.

आणि विमानतळ चालवायचा असेल तर हा पर्याय एवढ्यात हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे विमानतळ वाढताहेत, त्यांना वैमानिकांइतकीच टॉवरमध्ये बसणारी आणि धावपट्टी सांभाळणारी माणसं लागणार. एअरपोर्ट्स ॲथॉरिटीच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) या पदाच्या परीक्षेला फिजिक्स-मॅथ्स घेऊन बी.एस्सी. चालते किंवा इंजिनिअरिंगची पदवी. नाशिकच्या कॉलेजात राहून हे होतं. यात ‘स्वतःचा विमानतळ’ नाही, फेसबुकवर टाकायला फोटोही नाही, हे कबूल.

तरीही पर्ड्यूचं खूळ डोक्यातून जात नसेल, तर एजंटला बाजूला ठेवा आणि तिला विद्यापीठाला थेट ईमेल करू द्या. गेल्या दोन बॅचमधल्या परदेशी विद्यार्थ्यांना पदवीपर्यंतचे तास पूर्ण करायला किती काळ लागला, एका इन्स्ट्रक्टरकडे किती मुलं, उड्डाणाची फी चार वर्षांत मिळून किती झाली आणि ती मुलं आज कुठं आहेत. ‘आमच्या देखण्या कॅम्पसला भेट द्या’ असं उत्तर आलं तर ते उत्तर नव्हे, पुन्हा विचारायचं.

सगळ्यात आधी मात्र मेडिकल. उडवायचा विचार असो वा नसो, डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून क्लास टू तपासणी करून घ्या. डोळे, रंग ओळखणं, कान. रंगांधळेपणामुळे स्वप्न मोडलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या दोघांचे तोवर कोचिंगचे पैसे भरून झाले होते.

तपासणीची तारीख मिळाली की कळवा. आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, उडवणं, बनवणं, चालवणं यातलं काय ते तिच्याच हातचं वाचायचंय मला.