सिडनीच्या हॉर्न्सबीसारख्या रानालगतच्या उपनगरात अंगणात साप दिसल्यास काय करावे?

मुलांना आणि कुत्र्याला आत घेऊन, दुरूनच नजर ठेवत परवानाधारक साप पकडणाऱ्याला बोलवावे. न्यू साउथ वेल्समध्ये सापांना कायद्याचे संरक्षण आहे, शिवाय मारायला गेल्यानेच अनेकांना दंश होतो. ईस्टर्न ब्राउन हा अतिविषारी साप उंदरांच्या मागावर येतो, म्हणून कोंबड्यांचे सांडलेले दाणे उचलणे हाच मला खरा उपाय वाटतो.

दंश झालाच तर ताबडतोब ००० या ऑस्ट्रेलियातील आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा, रुग्णाला मुळीच चालू देऊ नये आणि संपूर्ण हाताला किंवा पायाला रुंद इलॅस्टिक बँडेज घट्ट गुंडाळून तो फळीने स्थिर करावा. जखम धुऊ नये, कारण त्वचेवरील विषावरून योग्य प्रतिविष निवडण्यास मदत होते. आपल्याकडे गावी जखमेच्या वर दोरी आवळतात, तसे कृपया करू नये.