काउंटी म्हणजे जिल्हा का? सोनोमाच्या निमित्ताने

मुलीकडे कॅलिफोर्नियात राहून आलेल्या एक ताई प्रवासवर्णन लिहायला बसल्या आहेत आणि पहिल्याच वाक्याला अडल्या आहेत. वाक्य असं: 'सोनोमा जिल्हा हा किनारपट्टीवरचा वाइन देश आहे.' काउंटीला जिल्हा म्हटलं तर चालेल का, आणि 'वाइन कंट्री'ला 'वाइन देश' बरं दिसतं का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, 'वाइन देश' आधी खोडा. तो वाचून वाचक नकाशात नवा देश शोधायला लागेल. आपल्याकडे ऊसपट्टा आहे, कापूसपट्टा आहे, नाशिकचा द्राक्षपट्टा तर रोजच्या बातम्यांत असतो. पीक आणि मुलूख एका दमात सांगणारा हा 'पट्टा' तुमच्या कामाला तयार आहे.

'जिल्ह्या'चं दुखणं थोडं खोल आहे. मराठी माणसाच्या कानावर 'जिल्हा' पडला की मागोमाग कलेक्टर येतो, म्हणजे सरकारने नेमलेला, तीन वर्षांत बदलून जाणारा साहेब. सोनोमात तसा कोणी नाही. मतदारांनी निवडलेल्या पाच जणांचं मंडळ कारभार पाहतं आणि शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, तोसुद्धा मतं मागूनच खुर्चीवर येतो. आपली जिल्हा परिषद आणि कचेरी एकत्र केली आणि वरचा कलेक्टर काढून टाकला, तर थोडंफार तसं होईल. शिवाय अमेरिकेत 'डिस्ट्रिक्ट' वेगळा असतो, शाळांचा, अमेरिकी संसदेच्या म्हणजे काँग्रेसच्या मतदारसंघाचा. उद्या तो शब्द आला की तुमची पंचाईत होईल.

शब्दांची कुळंही वेगळी आहेत. जिल्ह्याच्या मुळाशी अरबी 'दिल्अ' आहे, म्हणजे बरगडी किंवा बाजू. मुलखाची एक बाजू तो जिल्हा. काउंटीच्या मुळाशी लॅटिन 'कोमेस' आहे. त्याचा अर्थ 'सोबत चालणारा', अगदी आपला 'सहचर'. राजाचा सहचर पुढे सरदार झाला आणि त्याच्या अखत्यारीतला मुलूख झाला काउंटी. कॅलिफोर्नियात ना राजा उरला ना सरदार, शब्द मात्र इंग्लंडहून आला तो टिकला. आपल्यालाही तो परका नाही. १९८० साली गावसकर सॉमरसेटकडून खेळले तेव्हा 'काउंटी खेळायला गेले' हे वाक्य घराघरात बोललं गेलं. कॅलिफोर्नियात ५८ 'काउंट्या' आहेत असं आपण सहज म्हणतो. ज्याचं अनेकवचन मराठी वळणाने होतं, तो शब्द घरचाच झाला.

मात्र 'जिल्ह्याचं ठिकाण' ही रचना उसनी घ्या, इथे ती कामाची आहे. सोनोमा हे गावाचं नाव, खोऱ्याचं नाव आणि काउंटीचंही. १८५० मध्ये कॅलिफोर्निया राज्य झालं तेव्हाच्या मूळ २७ काउंट्यांपैकी ही एक. पण काउंटीचं ठिकाण १८५४ पासून सँटा रोझा आहे. आपल्या रायगड जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग, तसंच.

आता गावांच्या नावांतले दोन चकवे. बोडेगा बे पाहिलं असेल तर सावध राहा. स्पॅनिशमध्ये 'बोडेगा' म्हणजे वाइनचं तळघर, म्हणून अनेक जण त्या उपसागराचं नाव वाइनशी जोडतात. ते नाव आलं आहे बोडेगा इ क्वाद्रा या स्पॅनिश दर्यावर्दीवरून, १७७५ मधलं. दुसरा चकवा सेबास्टोपोल. रशियन नदी, फोर्ट रॉस आणि हे गाव अशी तिन्ही नावं एका माळेत ओवायचा मोह होतो. पहिली दोन खरंच रशियनांमुळे आहेत. १८१२ मध्ये त्यांनी किनाऱ्यावर ठाणं उभारलं, द्राक्षवेलही लावले, आणि १८४१ मध्ये सगळं विकून ते गेले. सेबास्टोपोल हे नाव त्यानंतरचं, क्रिमियाच्या युद्धात गाजलेल्या त्याच नावाच्या बंदरावरून आलेलं.

शेतीचे शब्द शोधताना मात्र कोशाकडे वळूच नका, निफाड किंवा तासगावच्या बागायतदाराला विचारा. 'द्राक्षमळा' मराठी बायबलमध्ये शोभतो, शेतकरी नुसतं 'बाग' म्हणतो. हारास्ती नावाच्या हंगेरियन गृहस्थाने १८५७ मध्ये सोनोमात ब्वेना व्हिस्टा ही वाइनरी काढली आणि १८६१ मध्ये युरोप फिरून लाखभर द्राक्षवेली आणल्या. त्या 'वेली' म्हणजे आपल्या बागायतदाराच्या भाषेत 'काड्या'. पुढे १८७० च्या दशकात फिलॉक्सेरा नावाच्या बारीक किडीने मुळं खाऊन बागा उद्ध्वस्त केल्या. उपाय निघाला तो अमेरिकी 'खुंटा'वर, म्हणजे मुळाकडच्या भागावर, युरोपी वाणाचं 'कलम' बांधण्याचा. काडी, खुंट, कलम हे तिन्ही शब्द नाशकात आजही रोज वापरात आहेत, आणि इथला लाडका 'डॉगरिज' खुंटही मूळचा अमेरिकेतलाच. (नाशिकची सुला वाइनरी सुरू झाली तेव्हाचा वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की हाही सोनोमाकडचाच.)

माझा खरा आक्षेप आहे 'किनारपट्टी'वर. शब्द बरोबर आहे, पण त्याने चित्र चुकीचं उभं राहतं. आपल्याला किनारपट्टी म्हटलं की माड, घाम आणि खारा वारा आठवतो, आणि तिथे द्राक्ष कसं होणार असं वाटतं. सोनोमाचा समुद्र थंडगार आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी त्यावरून धुकं उठतं, रशियन नदीच्या खोऱ्यातून आत सरकतं आणि सकाळी उशिरा विरतं. पेटालुमाजवळ डोंगररांग बसकी आहे, तिथून दुपारी वारा घुसतो. दिवसा ऊन, रात्री गारवा, म्हणून घड सावकाश पिकतात आणि आंबटपणा टिकतो. पिनो न्वार आणि शार्डने या वाइनच्या द्राक्षवाणांना हेच मानवतं. तेव्हा 'किनारपट्टी' ठेवा, पण शेजारी धुकं लिहायला विसरू नका.

आणि महिना जपून लिहा. ऑक्टोबरात आपला बागायतदार छाटणी करत असतो, सोनोमात तेव्हा तोडणी आटोपत आलेली असते. 'ऑक्टोबरात बागा भरलेल्या होत्या' असं लिहिलंत तर नाशिकचा वाचक हसेल.

तुमचं पहिलं वाक्य मी असं करीन: 'सोनोमा काउंटी हा थंड समुद्राकाठचा, धुक्यात पिकणारा द्राक्षपट्टा.'