जुनी गाडी आणि शिसेविरहित पेट्रोल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांची 1968 सालची फियाट 1100 डिलाइट आमच्याकडे आहे. 2005 पर्यंत ती रोजच्या वापरात होती, त्यानंतर शेडमध्ये झाकून ठेवली. आता ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. पण मेकॅनिकच्या मते ही गाडी शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनवलेली असल्याने आजच्या पेट्रोलवर तिचे हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) खराब होईल आणि ते टाळण्यासाठी प्रत्येक टाकीमागे शिशाच्या बदलीचे अ‍ॅडिटिव्ह घालावे लागेल. हे खरे आहे का? — एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्याच पत्रात आहे. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाते. म्हणजे वडिलांनी गाडी वापरात ठेवली ती शेवटची पाच वर्षे तिने हेच पेट्रोल प्यायले आणि त्या काळात हेड उतरवावे लागल्याचा उल्लेख आपण केलेला नाही.

तरीही मेकॅनिकची शंका निराधार म्हणता येत नाही. पेट्रोलमधले शिसे दोन कामे करीत असे. पहिले काम नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिनात होणारी टकटक) रोखण्याचे, आणि त्यासाठीच ते घातले जाई. दुसरे काम ते आपसूक करी : जळल्यावर उरणाऱ्या शिशाच्या क्षारांचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळका वायू बाहेर सोडणारी झडप) आणि त्याची सीट (मिटताना तो टेकतो ती कड) यांच्यामध्ये बसे. इंजिन 3,000 आरपीएमवर (मिनिटाला 3,000 फेऱ्यांनी) फिरत असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा सीटवर आपटतो आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह तर त्या वेळी लालबुंद तापलेला असतो. मध्ये थर नसेल, तर तापलेल्या लोखंडाचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, व्हॉल्व्ह उघडताना ओढून निघतात आणि पुढच्या प्रत्येक आघाताला वाळूच्या कागदासारखे काम करतात. सीट झिजत जाते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसू लागतो.

मात्र हा धोका मुख्यतः ज्या इंजिनांची सीट ओतीव लोखंडाच्या (बिडाच्या) हेडमध्येच कोरलेली असते, त्यांना आहे. आपल्या फियाटचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. अ‍ॅल्युमिनियम इतके मऊ, की व्हॉल्व्हची सीट त्यात थेट कोरताच येत नाही. तिथे वेगळ्या धातूची रिंग दाबून बसवावी लागते आणि कारखान्यातून ती तशीच बसवून येत असे. पुढे प्रीमियर पद्मिनीलाही हेच इंजिन होते आणि मुंबईच्या हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी 2000 नंतरही वर्षानुवर्षे धावल्या. अ‍ॅडिटिव्हच्या बाटलीवर पैसे घालवण्याआधी एवढेच विचारून घ्यावे, की मधल्या काळात कुणी हेडचे काम केले होते का. कारण मूळ रिंग काढून लेथवर साध्या बिडाची रिंग बसवून दिल्याची उदाहरणे आहेत आणि तसे असेल तर मेकॅनिकचे म्हणणे खरे ठरू शकते.

ते तपासायला हेड उतरवावे लागत नाही. इंजिन चालवण्यापूर्वी टॅपेटचे अंतर (व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा भाग यांतली फट) फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मॅन्युअलप्रमाणे लावून घ्या, त्या दिवशीचे किलोमीटर वहीत लिहा आणि दर 2,000 किलोमीटरला, इंजिन पहिल्यासारखेच थंड किंवा गरम असताना, पुन्हा मोजा. सीट झिजली की व्हॉल्व्हची दांडी वर सरकते आणि एक्झॉस्टकडचे अंतर कमी होत जाते. म्हणून टॅपेटचा आवाज आपोआप बंद झाला तर खूश होऊ नये. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ‘इंजिन आता घड्याळासारखे शांत झाले’ म्हणून पेढे वाटले होते. महिनाभरात चौथ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेले, कारण अंतर शून्यावर येऊन व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नव्हता आणि त्याची कड जळाली होती. वाजणारे टॅपेट कानाला त्रास देते, न वाजणारे खिशाला. आपल्याकडे दोन-तीन मोजण्यांत अंतर जागच्या जागी राहिले, तर अ‍ॅडिटिव्ह घेऊ नये.

नॉकिंगविषयीही थोडे सांगतो. आजच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेचा आकडा) किमान 91 असतो आणि त्या काळच्या इंजिनाच्या मानाने तो पुरेसा आहे. तरीही आंबा घाट चढताना टकटक ऐकू आली, तर डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून ठिणगीचे टायमिंग जरासे मागे घ्यावे. प्रीमियम पेट्रोलची गरज पडू नये.

प्रश्न : माझी अ‍ॅम्बेसिडर मार्क टू आहे, जुने 1489 सीसीचे पेट्रोल इंजिन. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यासाठी ती समृद्धी महामार्गाने नेण्याचा विचार आहे. वरील भीती मलाही लागू होते का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्याला ती खरोखर लागू होते. हे इंजिन मूळचे मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीचे. हेड ओतीव लोखंडाचे आणि सीट त्यातच कोरलेल्या. झीज किलोमीटरपेक्षा उष्णतेवर आणि आरपीएमवर अवलंबून असते. शहरात आठवड्याला एक फेरी मारणारी अ‍ॅम्बेसिडर शिशाशिवाय अनेक वर्षे काढते, पण तीच गाडी सपाट, रिकाम्या द्रुतगती मार्गावर चार तास पाय न उचलता पळवली, तर वर्षभराची झीज एका प्रवासात होऊ शकते. समृद्धीवर 70 च्या आसपास राहा आणि बाकीच्यांना पुढे जाऊ द्या. या एका प्रवासापुरते अ‍ॅडिटिव्ह घालायला आमची हरकत नाही. मात्र एकच प्रकार निवडावा. पोटॅशियम, मँगेनीज आणि फॉस्फरस यांवर आधारलेली औषधे एका टाकीत मिसळू नयेत.

कायमचा उपाय म्हणजे एक्झॉस्टला कठीण धातूच्या सीट बसवणे. केवळ त्यासाठी मात्र चालते इंजिन उघडू नका. पुढे कधी गॅस्केट किंवा व्हॉल्व्हच्या कामासाठी हेड उतरेल तेव्हा ते करून घ्या. कारागीर नीट निवडा, कारण रिंगसाठी खाच कापताना हत्यार थोडे खोल गेले तर पाण्याच्या जॅकेटला भोक पडते आणि हेड भंगारात जाते. त्याच वेळी एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह आणि गाइडही (ज्यात व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या) बदलून टाकावेत.

प्रश्न : आमच्याकडच्या एका जुन्या मिस्त्रीने टाकीत शिशाचे दोन तुकडे टाकायला सांगितले आहे. त्याने काही फायदा होतो का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : होत नाही. पेट्रोलमध्ये मिसळत असे ते धातूरूप शिसे नव्हे, तर टेट्राइथाइल लेड हे द्रवरूप संयुग. 1921 साली जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजली यांनी त्याचा नॉकिंग रोखण्याचा गुण शोधून काढला आणि बरोबर 100 वर्षांनी, 2021 मध्ये, अल्जीरियाने वाहनांसाठी ते विकणे थांबवले तेव्हा ते जगातल्या शेवटच्या पंपावरून गेले. टाकीतला तुकडा तळाशी तसाच पडून राहील, फार तर खड्ड्यांत खडखडेल. ते संयुग कुठून मिळवण्याच्याही भानगडीत पडू नये. मुलांच्या मेंदूवर होणाऱ्या परिणामांमुळेही ते बंद झाले आणि ते कातडीतूनही शरीरात जाते.

आपण चिपळूणचे आहात म्हणून न विचारलेली एक गोष्ट सांगतो, आणि ती वरच्या दोन्ही वाचकांनीही वाचावी. जुन्या गाडीला आजच्या पेट्रोलचा खरा उपद्रव होतो तो त्यात नसलेल्या शिशाने नव्हे, तर त्यात असलेल्या इथेनॉलने. आता पंपांवर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्याने जुन्या रबरी नळ्या फुगतात, चिरतात, गाडीतल्या, टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) कडक होतो आणि टाकीत वर्षानुवर्षे साचलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. इथेनॉल हवेतले पाणीही ओढते; कोकणातल्या पावसाळ्यात गाडी चार महिने उभी राहिली, तर हे पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि पत्र्याला आतून गंज चढतो.

जूनपूर्वी टाकी जवळपास रिकामी करावी, कार्बोरेटरचे भांडे कोरडे करावे आणि सप्टेंबरअखेर ताजे पेट्रोल घालून गाडी सुरू करावी. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बाजारात मिळतात. नळीवर तसे छापलेले पाहूनच घ्या. गाडी बाहेर काढण्यापूर्वी बॉनेट उघडून इंजिन दोन मिनिटे चालवा आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळीवरून कोरडे बोट फिरवा. बोट ओले झाले किंवा पेट्रोलचा वास आला, तर त्या दिवशी गाडी घरीच ठेवा, कारण नळीच्या खाली वीतभर अंतरावर तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळका वायू बाहेर नेणारा नळ) असतो.