रहस्य कादंबरी लिहायला कसं शिकायचं? खुनी आधी ठरवायचा की लिहिता लिहिता सापडतो?

तुम्ही म्हणताय की रहस्यकथा ढीगभर वाचल्यात, हौसेने कादंबरी लिहायला घेतली, पाच प्रकरणं झाली आणि आता घोडं अडलंय कारण खुनी कोण तेच ठरत नाहीये, तर एखादा कोर्स लावावा का असंच लिहीत राहावं. मी रहस्यकथा लिहितो, थोडंफार छापूनही आलंय, तेवढ्या जोरावर सांगतो.

आधी सहावं प्रकरण लिहिणं थांबवा. खुनी ठरलेला नाही म्हणजे त्या पाच प्रकरणांत क्लू असणं शक्यच नाही, नुसतं वातावरण असणार, पाऊस, जुना वाडा, दार करकरतंय वगैरे. लिहिता लिहिता खुनी सापडतो म्हणणारे लेखक आहेत आणि ते खोटं बोलत नाहीत, पण सापडल्यावर ते मागे जाऊन अर्धी कादंबरी पुन्हा लिहितात, तो भाग मुलाखतीत येत नाही एवढंच. पहिल्याच कादंबरीला हा उद्योग करू नका.

रहस्य कादंबरीत गोष्टी दोन असतात. एक खरंच घडलेली, म्हणजे कुणी कुणाला का आणि कसं मारलं, आणि दुसरी ती शोधून काढायची. वाचकाला दुसरी मिळते पण लेखकाकडे पहिली आधी पूर्ण तयार लागते. ती सरळ तारीखवार, वेळेसकट लिहून काढा, खुन्याच्या बाजूने, भाषेची काळजी न करता. त्याला काय हवं होतं, काय प्लॅन केला आणि मुख्य म्हणजे तो प्लॅन कुठे फसला. खुन्याला जे निस्तरता आलं नाही, किंवा जे त्याच्या लक्षातच आलं नाही, तिथे तुमचा क्लू आहे. वरून आणून पेरलेले क्लू लगेच कळतात, खोलीत सापडलेलं बटण, अर्धवट जळलेली चिठ्ठी, डावखुरा खुनी, हे आता वाचक झोपेतसुद्धा ओळखतो.

एक उदाहरण घेऊ, आत्ताच रचतोय. पाऊस रात्री नऊला सुरू झाला आणि पहाटेपर्यंत पडत होता. पुतण्या सांगतो, मी अकराला भर पावसात गाडी घेऊन आलो, काका झोपले असतील म्हणून उठवलं नाही, सकाळी बघतो तर हे असं. खरं म्हणजे तो आठलाच आलाय. पकडायचं कसं? तर त्याच्या गाडीखालची जमीन कोरडी आहे, गाडी पावसाआधीपासून तिथे उभी होती. आता हे वाचकाला दाखवायचं तर आहे पण कळू द्यायचं नाहीये. "गाडीखालची जमीन कोरडी होती" असं लिहिलंत की संपलं, कारण कोरडी जमीन कुणी उगाच लिहीत नाही. त्याऐवजी असं लिहा:

"अंगणात जिकडेतिकडे पाणीच पाणी. गाडीखाली एक मांजर अंग चाटत आरामात पसरलं होतं. हवालदार ते बघत बघत पुढे गेला आणि शेवाळावरून असा घसरला की इन्स्पेक्टरसाहेबांनासुद्धा हसू आवरेना."

वाचकाला मांजर दिसलं, मग हवालदार पडला, विषय संपला. पण भिजल्या जमिनीवर मांजर पसरत नाही, ही माहिती त्याच्याकडे आलीय. क्लू मधल्या वाक्यात, त्याला दुसरंच काहीतरी काम दिलेलं, आणि लगेच पुढे लक्ष खेचणारं काहीतरी. ही युक्ती नीट जमली तरी निम्मं काम झालं. (कुणीतरी विचारणारच की वाहतं पाणी गाडीखाली येणार नाही का, तर गाडी उभी करायची जागा थोडी उंच हवी आणि ते आधीच्या एखाद्या प्रकरणात सहज येऊन गेलेलं हवं. असले प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारायचे, नाहीतर वाचक विचारतो.)

संशयितांचं म्हणाल तर प्रत्येकाला खोटं बोलायला स्वतःचं कारण द्या. खुनी खोटं बोलतो त्यात नवल नाही, पण बायको खोटं बोलते कारण ती त्या रात्री कर्ज मागायला कुणाकडे गेली होती, नोकर बोलतो कारण त्याने दारूची बाटली पळवली. माणसं संशयास्पद वागायला हवीत म्हणून नुसती दचकायला लावायची, हे मला अजिबात आवडत नाही, शेवटी ती का दचकली हे लेखक सांगतच नाही. मी एक तक्ता करतो, त्या वेळेला कोण खरंच कुठे होतं, ते काय सांगतात, आणि का. कंटाळवाणं काम आहे पण गोष्ट इथूनच पुढे सरकते.

नियमांबद्दल थोडक्यात. रॉनल्ड नॉक्स नावाच्या इंग्लिश पाद्र्याने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, 1929 मध्ये दहा नियम काढले होते. गुन्हेगार गोष्टीत सुरुवातीलाच आलेला हवा, डिटेक्टिव्हला सापडलेला क्लू वाचकालाही लगेच दिसायला हवा, कुणाला माहीत नसलेलं विष वापरायचं नाही, असे. त्यातले बरेच पुढे चांगल्या चांगल्या लेखकांनी मोडले, पण क्लू लपवून ठेवायचा नाही हा मोडलात तर वाचक पुस्तक फेकून देईल, आणि बरोबरच करेल.

माहिती तपासून घ्या, सिनेमा बघून लिहू नका. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की माणूस लगेच आडवा होत नाही, काही मिनिटं जातात आणि तोवर तो झटापट करतो. मृत्यू दहा बेचाळीसला झाला असं कुठलाही डॉक्टर प्रेत बघून सांगत नाही. ताठरपणा साधारण दोन ते चार तासांत जाणवायला लागतो, बारा तासांच्या आसपास अंगभर होतो आणि मग उतरतो, तेही उकाड्यात लवकर आणि थंडीत उशिरा, त्यामुळे मिळते ती अंदाजे वेळ. आणि हे लेखकाच्या पथ्यावरच पडतं, त्या चार तासांच्या घोळात तुम्हाला सगळे संशयित बसवता येतात. तुम्ही नोकरीधंदा काय करता लिहिलं नाहीत, पण तिथलं जे बाहेरच्याला माहीत नसतं ते वापरा. अगाथा ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात हॉस्पिटलच्या औषध विभागात काम केलं होतं, तिच्या कथांमधली विषं तिथून आली.

कोर्स करायचा तर करा, डेडलाइन मिळते हा मोठा फायदा. पण त्याआधी तुम्हाला आवडलेली एक रहस्यकथा खुनी माहीत असताना पेन्सिल घेऊन पुन्हा वाचा, क्लू दिलाय तिथे खूण करा आणि त्याच्या पुढचं वाक्य काय आहे ते बघा. पहिल्या वाचनात आपल्याला कसं गंडवलं ते तिथे दिसतं. माझ्या मते कुठल्याही कोर्सपेक्षा यात जास्त शिकायला मिळतं, आणि फुकट आहे.

कादंबरी झाली की शेवटचा उलगडा काढून ठेवून दोघातिघांना वाचायला द्या आणि विचारा, खुनी कोण आणि कशावरून. सगळ्यांनी बरोबर ओळखला तर क्लू जरा जास्त झाकावे लागतील, कुणालाच आला नाही तर उलगडा वाचायला देऊन "अरे हो की" म्हणतात का "हे कुठून आलं" म्हणतात ते बघा, दुसरं असेल तर क्लू कमी पडलेत. आणि कुणी म्हणालं की खुनी कोण त्याने मला फरक पडत नाही, तर क्लूंना हात लावू नका, मेलेल्या माणसावर काम करा, तो जिवंत असताना कसा होता हे वाचकाला पुरेसं कळलेलं नाहीये.